कमी खर्चात फिशटँक सजवताय? या चुका टाळा

फिशटँक स्वस्तात सजवायचा तर वेचून आणलेले दगड, वाळलेलं लाकूड, मातीची कुंडी यांना तोड नाही. विकतच्या रंगीत किल्ल्यांपेक्षा ते दिसतंही छान. पण आत ठेवलेली प्रत्येक वस्तू चोवीस तास भिजणार आणि मासे त्याच पाण्यात श्वास घेणार. पैसे जरूर वाचवा, तपासणी आणि थांबणं मात्र वाचवू नका.

सगळ्यात जास्त फसगत शिंपल्यांनी आणि पांढऱ्या दगडांनी होते. शिंपले, प्रवाळ, संगमरवर, चुनखडी हे सगळं मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळतं, पाणी जड म्हणजे क्षारयुक्त होतं आणि पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) चढतो. गप्पी, मॉली या माशांना असं पाणी मानवतं, निऑन टेट्राला नाही. म्हणून दगड कोरडा करा, खिळ्याने थोडा खरवडा आणि तिथे व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका. व्हिनेगर सौम्य असतं, त्यामुळे बुडबुडे कधी कधी इतके बारीक उठतात की तिरप्या उजेडात धरल्यावरच दिसतात. मिनिटभर नीट बघा. फेसाळला तर तो दगड बाजूला ठेवा. फेस आला नाही, पण गंजाचे डाग किंवा धातूसारखी चमकणारी शीर दिसली, तरी तो नकोच.

दगड स्वच्छ करायला उकळत ठेवू नका. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. ब्रशने खसखसून घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. साबण कशालाच लावायचा नाही, अगदी थेंबभरही नाही.

लाकूड मात्र खुशाल उकळा. ओली, हिरवी फांदी पाण्यात कुजते आणि चिकाचं लाकूड धोक्याचं, म्हणून पूर्ण वाळलेलं कठीण लाकूडच घ्या. साल काढून ते एक-दोन आठवडे बादलीत भिजवा, पाणी बदलत राहा. तरीही टँकचं पाणी चहासारखं झालं तर घाबरू नका. तो लाकडातून उतरणाऱ्या टॅनिन या द्रव्याचा रंग आहे, पाणी बदलत गेलं की उतरतो. नव्या लाकडावर पांढरा, बुळबुळीत कापूस धरला तर ब्रशने काढून टाका. तोही काही आठवड्यांत आपोआप थांबतो.

माझ्या गोल्डफिशची शेपटी एकदा दोन ठिकाणी चिरली. मी शेपटी सडण्याचा आजार समजून औषध शोधत होते, पण दोष निघाला प्लास्टिकच्या झाडाच्या पानांचा. बोटाला ती कड जाणवतसुद्धा नव्हती. तेव्हापासून प्रत्येक वस्तूवरून जुना, पातळ नायलॉनचा मोजा ओढून बघते. धागा अडकला की शेपटीही अडकणार. कुंडीच्या बुडाचं भोकही तपासा, मासा त्यात डोकं घालून अडकतो.

स्वस्तात खरी झाडं हवी असतील तर जावा फर्न किंवा अनुबियास घ्या. यांचा जाड, आडवा कंद खडीत पुरला की कुजतो, म्हणून लाकडाला दोऱ्याने बांधा.

सजावट करून दोन-तीन दिवसांनी पाणी दुधाळ झालं की अनेकजण सगळं उपसून पुन्हा धुतात. न धुतलेल्या वाळूचा गढूळपणा असेल तर तो पहिल्याच दिवशी दिसतो आणि हळूहळू खाली बसतो. नंतर येणारा दुधाळपणा बहुधा जिवाणूंच्या वाढीचा असतो. अशा वेळी खडी आणि फिल्टर नळाच्या पाण्याने धुतले, तर क्लोरीनने उपयोगी जिवाणूही मरतात. माशांचं खाणं कमी करा, अमोनिया (माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात साठणारं विषारी द्रव्य) तपासा, तो वाढलेला दिसला तर क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडं पाणी बदला आणि बाकी काही हलवू नका.

मोठे दगड खडीवर रचू नका. मासे खालची खडी उकरतात आणि रास काचेवर कोसळते. आधी तळाच्या काचेवर पातळ फोमचा तुकडा, त्यावर दगड, मग भोवती खडी. रचून झाल्यावर प्रत्येक दगड हाताने हलवून बघा आणि जागचा हलला नाही तरच पाणी भरा.