धंदा सुरूच झाला नाही अशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे रिटर्न आणि फॉर्म कसे भरायचे

मी आणि माझ्या मित्राने प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली, एक लाख शेअर कॅपिटल, पॅन आला, करंट अकाउंट उघडलं आणि ज्या कामाच्या भरवशावर हे सगळं केलं ते कामच आलं नाही. एकही बिल फाडलं नाही. आमची समजूत अशी की विक्रीच नाही तर भरायचं काय, आणि त्या नादात एओसी-४ (वर्षाचे हिशेब) आणि एमजीटी-७ए (कंपनीचं वार्षिक रिटर्न) हे रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडे भरायचे दोन फॉर्म साधारण ११ महिने लेट झाले. लेट फी एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये, वर मर्यादा नाही. दोन्हीचे मिळून ६६ हजार भरले. कमाई शून्य आणि भांडवलातला दोन तृतीयांश पैसा लेट फीत, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय, अजून कोणाचं असं होऊ नये.

मुळात आमचं चुकलं ते इथे. आम्ही पहिल्या बिलाची वाट बघत होतो, पण घड्याळ इन्कॉर्पोरेशनच्या तारखेपासून सुरू झालेलं असतं. सर्टिफिकेटवर जी तारीख आहे ती आधी कागदावर लिहा आणि सगळे दिवस तिथून मोजा.

त्या तारखेपासून ३० दिवसांत पहिली बोर्ड मीटिंग आणि त्याच ३० दिवसांत पहिला ऑडिटर नेमायचा. हो, शून्य व्यवहाराच्या कंपनीलाही ऑडिट लागतंच, यात सूट नाही. मग १८० दिवसांच्या आत आयएनसी-२०ए. हा फॉर्म २ नोव्हेंबर २०१८ नंतर झालेल्या, शेअर कॅपिटल असलेल्या कंपन्यांना आहे, नाव "कमेन्समेंट ऑफ बिझनेस" असल्यामुळे लोकांना वाटतं की धंदा सुरू झाल्यावर भरायचा. तसं नाही. यात फक्त एवढंच सांगायचं असतं की ज्यांनी शेअर घ्यायचं कबूल केलं त्यांनी पैसे दिलेत, आणि सोबत बँक स्टेटमेंट जोडायचं. म्हणजे पैसे दोघांच्या पर्सनल खात्यातून कंपनीच्या खात्यात खरंच गेलेले दिसले पाहिजेत, प्रत्येकाचे त्याच्या त्याच्या खात्यातून, आणि हे आधी करा कारण नव्या कंपनीचं करंट अकाउंट उघडायलाच कधी कधी महिने जातात. नाही भरला तर कायद्यात कंपनीला ५०,००० रुपये दंड आणि डायरेक्टरला दिवसाला १,००० असा एक लाखापर्यंत दंड आहे. शिवाय हा फॉर्म भरल्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज घेता येत नाही.

आता दरवर्षीचं काम. बोर्ड मीटिंग स्मॉल कंपनीला (आमच्यासारख्या कमी भांडवल-उलाढालीच्या) कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक पुरते, फक्त दोन मीटिंगमध्ये किमान ९० दिवसांचं अंतर हवं, आणि मिनिट्स लिहून सह्या करून ठेवा. एजीएम म्हणजे शेअरधारकांची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, पण पहिल्या एजीएमला नऊ महिने मिळतात. एजीएमपासून ३० दिवसांत एओसी-४ आणि ६० दिवसांत एमजीटी-७ए. एजीएममध्ये ऑडिटर नेमला की १५ दिवसांत ती नेमणूक कळवणारा एडीटी-१. डायरेक्टरच्या डिनचं (डायरेक्टर ओळख क्रमांक) केवायसी चालू स्थितीत आहे ना हेही मुदतीआधी बघा, ते राहिलं तर डिन बंद पडतो आणि परत चालू करायला ५,००० लागतात.

इथे एक गडबड हमखास होते. समजा कंपनी १० फेब्रुवारीला झाली. १ जानेवारीला किंवा त्यानंतर झालेल्या कंपनीचं पहिलं आर्थिक वर्ष कंपनी कायद्यात थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं, त्यामुळे पहिला एओसी-४ लांब जातो आणि सगळे निवांत होतात. पण इन्कम टॅक्सचं वर्ष असं ताणलं जात नाही. त्या फेब्रुवारी-मार्चच्या पन्नासएक दिवसांचं रिटर्न वेगळं भरायचं असतं आणि ते त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचं हेच पहिलं रिटर्न राहून गेलंय.

रिटर्न म्हणजे आयटीआर-६, डायरेक्टरच्या डिजिटल सिग्नेचरने. उत्पन्न नसो की तोटा असो, प्रत्येक कंपनीला भरावंच लागतं, आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा आला तरी ही सक्ती तशीच आहे. लेट फी इथे छोटी वाटते, उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००. पण त्यावर जाऊ नका. रिटर्न न भरल्याबद्दल खटला भरायच्या तरतुदीत किरकोळ टॅक्सवाल्यांना जी सवलत होती ती २०१८ च्या फायनान्स अॅक्टने कंपन्यांसाठी काढून टाकली, म्हणजे टॅक्स शून्य असला तरी कंपनीला त्या आडोशाला जाता येत नाही.

बॅलन्स शीटमध्ये लिहायचं काय हा प्रश्न मला सगळ्यात जास्त पडला होता, कारण वाटायचं सगळीकडे शून्यच. पण कधीच पूर्ण शून्य नसतं. एका बाजूला शेअर कॅपिटल एक लाख. दुसरीकडे बँकेत जे उरलंय ते, चार्जेस कापून. कंपनी काढायला सीएला दिलेले पैसे, स्टॅम्प ड्युटी, डिजिटल सिग्नेचर हा खर्च त्याच वर्षी नफा-तोटा पत्रकात जातो म्हणजे पहिल्याच वर्षी तोटा दिसतो, घाबरू नका. ऑडिट फी द्यायची राहिली असेल तर ती देणी म्हणून. आणि तुम्ही खिशातून जे भरलंत ते डायरेक्टरकडून घेतलेलं कर्ज म्हणून दाखवायचं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण ३१ मार्चला असं कर्ज बाकी दिसलं की ३० जूनपर्यंत डीपीटी-३ (ठेवी आणि कर्जांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो, ते डिपॉझिटमध्ये मोडत नसलं तरी. आणि पैसे कर्जाऊ काढून कंपनीला दिलेले नाहीत असं डायरेक्टरने लेखी द्यायचं असतं, तो कागद फाइलला लावा. तोटा पुढच्या वर्षांत वजा करता येईल असं मात्र धरून चालू नका, धंदा उभाच राहिला नसेल तर अधिकारी तो धंद्याचा तोटा मानायला सहसा तयार होत नाहीत, आणि रिटर्न मुदतीत नसेल तर प्रश्नच मिटला.

पैसे पडून आहेत म्हणून एफडी केली असेल तर व्याजावर टॅक्स आहे. कंपनीला माणसांसारखी सुरुवातीची करमुक्त मर्यादा नसते, पहिल्या रुपयापासून २५ टक्के अधिक ४ टक्के सेस म्हणजे २६ टक्के. व्याज ६,००० आलं तर १,५६०. धंदा सुरू होण्याआधीचं व्याज हे इतर उत्पन्न धरायचं, धंद्याच्या खर्चातून ते वळतं करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच तुतिकोरिन अल्कलीच्या केसमध्ये सांगितलंय. बँकेने टीडीएस कापला असेल तर २६एएसमध्ये (कापलेल्या टॅक्सचा इन्कम टॅक्स खात्याकडचा तक्ता) दिसेल, तो रिटर्नमध्ये घ्या.

जीएसटी नंबर उगाच घेऊन ठेवला असेल तर माझं स्पष्ट मत, बंद करा. नंबर आहे तोवर जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) आणि ३बी (टॅक्सचा गोषवारा) निल भरत राहायचं, निलला लेट फी दिवसाला २० रुपये आणि एका रिटर्नला ५०० पर्यंत, पण बारा महिन्यांचे दोन दोन रिटर्न म्हणजे बघता बघता १२ हजार. ३बी निल असेल तर १४४०९ वर एसएमएस पाठवूनही भरता येतं. स्वखुशीने नंबर घेऊन सहा महिन्यांत धंदा सुरू केला नाही तर अधिकारी तो स्वतःही रद्द करू शकतात, त्यापेक्षा आपणच आरईजी-१६ हा नंबर रद्द करायचा अर्ज टाकलेला बरा. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं रिटर्न विसरू नका.

महाराष्ट्रात इन्कॉर्पोरेशनबरोबरच प्रोफेशन टॅक्सचे नंबर येतात, पीटीईसीचे (कंपनीने स्वतःचा भरायचा प्रोफेशन टॅक्स) वर्षाला २,५०० असतात, मुदत ३० जून, तुमच्या सीएला विचारून घ्या. पीएफ आणि ईएसआयसीचे नंबरही आपोआप येतात पण माणसंच कामाला नसतील तर वर्गणी नाही. टॅन (टीडीएस कापण्यासाठीचा नंबर) घेतला असेल आणि कोणाचाच टीडीएस कापला नसेल तर निल टीडीएस रिटर्नची सक्ती नाही.

हे सगळं किती वर्षं करायचं ते लवकर ठरवा. सलग तीन आर्थिक वर्षं एओसी-४ किंवा एमजीटी भरले नाहीत तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र होतो, इतर कंपन्यांमध्येही. २०१७ साली सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या रजिस्टरमधून काढल्या आणि तीन लाखांवर डायरेक्टर अपात्र ठरवले, त्यामुळे हे फक्त कागदावरचं कलम समजू नका.

पुढे खरंच वापरायची असेल, एखादा प्रोजेक्ट किंवा ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर ठेवायचा असेल तर एमएससी-१ भरून डॉर्मंट म्हणजे निष्क्रिय कंपनीचा दर्जा घ्या. त्यासाठी मेंबरची तीन चतुर्थांश संमती लागते. नंतर दरवर्षी वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत एमएससी-३ हे डॉर्मंट कंपनीचं रिटर्न, आणि ऑडिट तसंच इन्कम टॅक्स रिटर्न सुटत नाही, म्हणून नुसत्या खर्चाच्या बचतीसाठी याचा फार उपयोग नाही. सलग पाच वर्षं डॉर्मंट राहिली की रजिस्ट्रार नाव काढायची प्रक्रिया सुरू करतो.

वापरायचीच नसेल तर एसटीके-२, म्हणजे कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढायचा अर्ज. आम्ही शेवटी हेच केलं. फी १०,००० रुपये, अर्ज १ मे २०२३ पासून सी-पेस या केंद्राकडे जातो. आधी देणी फेडा, उरलेले पैसे शेअरधारकांना द्या, बँक खातं बंद करून बँकेचं पत्र घ्या, जीएसटी रद्द करा, राहिलेले फॉर्म भरा. मग ७५ टक्के भांडवलाची संमती, डायरेक्टरचा इन्डेम्निटी बॉण्ड (मागाहून देणी निघाली तर भरून द्यायची हमी) आणि अॅफिडेव्हिट, आणि सीएने सही केलेलं स्टेटमेंट ऑफ अकाउंट्स, जे अर्जाच्या दिवशी ३० दिवसांपेक्षा जुनं नको. आमचं हेच चुकलं होतं, नोटरी होईपर्यंत तारीख उलटली आणि स्टेटमेंट परत करावं लागलं, म्हणून ते सगळ्यात शेवटी बनवा. गेल्या तीन महिन्यांत नाव बदललं असेल किंवा ऑफिस दुसऱ्या राज्यात नेलं असेल तर थांबावं लागतं. रजिस्ट्रारने स्वतःहून कारवाई सुरू केल्यावर अर्ज करायचा म्हटलं तर आधी सगळे पेंडिंग फॉर्म भरायला लागतात, त्यामुळे त्यांची नोटीस यायच्या आधी हलायचं. नाव निघाल्याची एसटीके-७ नोटीस आली की ज्या तारखेपर्यंत कंपनी होती तिथपर्यंतचं शेवटचं आयटीआर-६ भरा, मग पॅन आणि टॅन सरेंडर करा, पण त्याआधी टीडीएसचा रिफंड बाकी आहे का ते बघा, कारण कंपनीचं खातं बंद झाल्यावर तो जमा व्हायला जागाच राहत नाही.