गावाकडे व्हॉल्व्हचा बेस अ‍ॅम्प घेताना आधी लोखंड पाहा

बेस गिटार शिकणारी पोरं दुकानात येतात आणि पहिलाच प्रश्न टाकतात, "भाऊ, घरी वाजवाले किती वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पुरते?" दुकान माझं नागभीडच्या बाजूला, मोटर रिवाइंडिंगचं. धानाच्या हंगामात जळालेल्या मोटारी बांधतो आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांत रात्र-रात्र बेस वाजवतो. त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे: वॅट मागून विचार, आधी अ‍ॅम्प उचलून पाहा.

उचलायचा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाचं वजन कळावं म्हणून. व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीची ती काचेची नळी, शेकडो व्होल्टवर आणि थोड्याशा करंटवर चालतो, स्पीकरला व्होल्ट कमी आणि करंट जास्त लागतो. मधे हा ट्रान्सफॉर्मर बसतो. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, आणि आपल्या घरातली वीज आहे ५० हर्ट्झची. विजेच्याही खालचा सूर या लोखंडातून पार पाडायचा असतो. फ्रिक्वेन्सी खाली गेली की तेवढ्याच व्होल्टला कोअरमधला, म्हणजे लोखंडी गाभ्यातला, फ्लक्स (चुंबकत्व) वाढतो, हे मोटार बांधणाऱ्याला सांगावं लागत नाही. गिटारची सगळ्यात खालची तार ८२ हर्ट्झची. तिच्यासाठी बेतलेल्या ट्रान्सफॉर्मरवर तितकाच जोर देऊन बेस वाजवला, तर फ्लक्स दुप्पट. कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे त्याला आणखी चुंबकत्व पेलवत नाही, खालचा सूर चिखलात रुतल्यासारखा येतो, आणि वाजवणारा म्हणतो वॅट कमी पडले. वॅट पुरेसे असतात, लोखंड कमी पडलेलं असतं.

म्हणून "पाच वॅटचा छोटा गिटार अ‍ॅम्प आहे, त्याच्यावरच बेस लावतो" हा बेत मला पटत नाही. असे अ‍ॅम्प बहुतेक सिंगल-एंडेड असतात, एकच पॉवर व्हॉल्व्ह. त्यात ट्रान्सफॉर्मरमधून सतत डीसी वाहतो, कोअरमध्ये फट ठेवावी लागते, आणि चांगला खर्ज काढायचा तर कोअर खूपच मोठा करावा लागतो. स्वस्तातल्या अ‍ॅम्पमध्ये तो कोणी करत नाही. बेससाठी पुश-पुल घ्या, दोन व्हॉल्व्हची जोडी. दोघांचा डीसी कोअरमध्ये एकमेकांना मारतो, सप्लायची बरीचशी गुणगुणही तिथेच कटते.

आता वॅट. घरासाठी माझं मत १५ ते ३० वॅट. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९५ डेसिबल धरली, तर एक वॅटवर एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल आवाज मिळतो. घरात एवढ्यानंच माणसं उठून बसतात. २० वॅटला तो १३ डेसिबलनं वाढतो, ५० वॅटला १७ नं. म्हणजे वीस आणि पन्नासमधला फरक फक्त ४ डेसिबलचा, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. त्या ४ डेसिबलसाठी दुप्पट पैसे घालण्यापेक्षा ४ डेसिबल जास्त सेन्सिटिव्ह स्पीकर घ्या, हिशेब तोच होतो.

मग एकच वॅट का नको? खर्जाला आपला कान मंद असतो, त्यामुळे बेस ऐकू यायला गिटारपेक्षा जास्त ताकद लागते. शिवाय बोटाचा पहिला झटका सरासरीच्या कितीतरी वर जातो. पंधरा-वीस वॅट असले की तो झटका साफ निघतो. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या. घरच्या आवाजात पॉवर व्हॉल्व्ह काही तापून घोगरे होत नाहीत. तिथे व्हॉल्व्हची जी गोडी मिळते ती मुख्यतः पॉवर व्हॉल्व्हच्या आधी सूर मोठा करणाऱ्या प्रीअ‍ॅम्पची आणि ट्रान्सफॉर्मरची. घोगरेपणा हवा असेल तर गेन (आत किती जोर द्यायचा) आणि मास्टर (बाहेर किती आवाज) असे दोन वेगळे नॉब असलेला पाहा. जुन्या धाटणीचा एकाच व्हॉल्यूमचा अ‍ॅम्प गोड असतो, पण तो खुलतो तेव्हा शेजारचं कवेलूचं छप्परही बोलतं.

कमी वॅटवर बेस होतच नाही म्हणणाऱ्यांना मी अँपेगच्या पोर्टाफ्लेक्स बी-१५ ची आठवण देतो. १९६० साली आला, पंचवीस-तीस वॅटचा, पंधरा इंची स्पीकरचा, अ‍ॅम्प उलटा करून पेटीतच ठेवता येणारा. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन हाच वापरायचा. त्याच कंपनीचा १९६९चा एसव्हीटी ३०० वॅटचा, नुसतं हेड (स्पीकर सोडून) चाळीस किलोच्या आसपास. तो मोठ्या मैदानाचा माल, घरात आणून करायचं काय? अलीकडच्या काळातले घरगुती मापाचे पाहायचे तर अँपेगचा पीएफ-२०टी आहे, २० वॅटचा, ६व्ही६ नंबरच्या व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणारा. अ‍ॅशडाउनचे सीटीएम-१५ आणि सीटीएम-३० आहेत, नावातच वॅट. आपल्याकडे दुकानात मांडलेले क्वचितच दिसतील. मागवावे लागतात किंवा मुंबई-पुण्याच्या कोणा वादकाकडून जुने मिळतात. बाहेरून मागवताना २३० व्होल्टचाच मागवा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा घेऊन स्टेप-डाउन लावला तरी त्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झच्या हिशेबानं बांधलेला असू शकतो. तो आपल्या ५० वर जास्त तापतो, आणि आपल्या मे महिन्यात त्याला आणखी ताप नको.

पेटीबद्दल थोडक्यात. सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी स्पीकरच्या कोनाला चौपट हलावं लागतं. मागून उघड्या गिटारच्या पेटीत तो कोन हलून हलून फाटतो. बंद पेटी घ्या किंवा पोर्टवाली (हवेला भोक ठेवलेली), खास बेससाठी केलेली, एक बारा इंची किंवा दोन दहा इंची. ओहम जुळवा, आठच्या स्पीकरला अ‍ॅम्पचं आठचंच जॅक. आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधी चालू करू नका. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पची सवय असलेली माणसं इथं हमखास फसतात. लोड नसला की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत व्होल्टेज उसळतं आणि आतल्या आत ठिणगी पडते. तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा बांधायला प्रायमरी-सेकंडरीचे थर एकाआड एक गुंफावे लागतात, पंपाच्या मोटारीसारखा दुपारच्या आत होत नाही. स्पीकरला गिटारची बारीक केबल लावू नका, जाड दोन तारांची स्पीकर केबलच लावा.

खरी परीक्षा आपल्या लाइनची. अ‍ॅम्प निवडण्याआधी मल्टिमीटर घेऊन घरातलं व्होल्टेज तीन वेळा मोजा: सकाळी, धानाला पाणी चालू असताना, आणि रात्री पंप बंद झाल्यावर. आमच्या बाजूला पंप चालू असले की १८० पर्यंत उतरतं आणि मध्यरात्री २५५ ला जातं. आता व्हॉल्व्हचा हिशेब करा. त्याच्या हीटरला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात आणि दहा टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ५.७ ते ६.९. लाइन १८० वर असली की हीटरला मिळतात ४.९. त्यावरचा कॅथोड, जिथून करंट निघतो, नीट तापत नाही, आवाज मरतो. २५५ वर मिळतात ७, आणि जिथे प्लेटला (व्हॉल्व्हमधल्या बाहेरच्या पत्र्याला) ४०० व्होल्ट हवेत तिथे ४४३ होतात. रोज रात्री असं चाललं की व्हॉल्व्हचं आयुष्य घटणारच.

म्हणून अ‍ॅम्पच्या बजेटातच स्टॅबिलायझर धरा. सर्व्हो (आत छोटी मोटर असलेला) असला तर उत्तम, व्होल्टेज हळूच सरकवतो. रिलेवाला टप्प्याटप्प्यानं उडी मारतो आणि प्रत्येक उडीला स्पीकरमध्ये टक् ऐकू येतं, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. वीस-तीस वॅटच्या अ‍ॅम्पला ५०० व्हीएचा पुरतो. मागच्या पाटीवर किती वॅट ओढतो ते लिहिलेलं असतं, ते पाहून खात्री करा. इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तर साइन वेव्हचाच. २३० व्होल्टच्या साइन वेव्हचं शिखर ३२५ ला असतं आणि अ‍ॅम्पचा सप्लाय त्या शिखरावर भरतो. चौकोनी वेव्हचं शिखर २३० लाच संपतं, म्हणून प्लेटचं व्होल्टेज बसतं आणि वरून भुणभुण येते ती वेगळी. लाइन गेली की अ‍ॅम्पचं बटण बंद करा, आपोआप परत येईल म्हणून सोडून देऊ नका. परत येताना पहिल्या झटक्यात ती काय आणेल याचा भरवसा नाही. माझ्याकडे येणाऱ्या मोटारींपैकी कितीतरी अशाच आलेल्या असतात.

अर्थिंगशिवाय व्हॉल्व्ह अ‍ॅम्प लावायचा नाही, यात मी कोणाची सूट ऐकत नाही. बेसच्या तारा अ‍ॅम्पच्या चेसीला (पत्र्याच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि तुमचा हात तारांवर. गाताना ओठ माइकला लागला आणि दोन्हीचं अर्थिंग वेगळं निघालं, तर झटका तोंडातून जातो. तीन पिनांतली वरची पिन कापलेली वायर दिसली की आधी ती बदला. खड्ड्यातलं मीठ-कोळसा उन्हाळ्यात कोरडा पडतो, एप्रिलपासून त्यात बादलीभर पाणी ओतत जा. तपासताना नुसत्या मल्टिमीटरवर जाऊ नका, कमजोर अर्थिंगलाही तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. वायरमनला फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून पाहायला सांगा. दिवा मंद पेटला तर अर्थिंग कामाचं नाही.

जुना अ‍ॅम्प घ्यायला जाल तेव्हा बेस सोबत न्या. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून गुणगुण ऐका आणि आपल्याच तारांशी ताडून पाहा. मोकळी जी तार ९८ हर्ट्झची. गुणगुण तिच्या जवळपास वाटली तर ती १०० हर्ट्झची, सप्लायचे फिल्टर कॅपॅसिटर थकलेत. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावर (फ्रेटवर) ४९ हर्ट्झचा जी मिळतो. गुणगुण तिथं जुळली तर ५० ची, म्हणजे हीटरची वायरिंग किंवा अर्थ. कॅपॅसिटर बदलणं जमण्यासारखं काम आहे, त्याचा भाव कमी करून मागा. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं प्रीअ‍ॅम्पच्या व्हॉल्व्हवर हळूच टकटक करा. टणटण स्पीकरमधून मोठ्यानं आली तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय, बदलावा लागेल. खोलीत अंधार करून पॉवर व्हॉल्व्ह पाहा. हीटरचा नारिंगी उजेड असणारच, पण भोवतीची करडी प्लेटच लाल व्हायला लागली तर ताबडतोब बंद करा. आणि फ्यूज बाहेर काढून पाहाच. काचेच्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली निघाली, तर तो अ‍ॅम्प मी घेणार नाही. आत काय काय सोसलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वायरिंग झाकणारं चेसीचं कव्हर मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साचून राहतात.

बायसचाही, म्हणजे सूर नसताना पॉवर व्हॉल्व्हमधून किती करंट वाहतो त्याचाही, विचार करा. कॅथोड बायसचा (तो बराचसा आपोआप जमतो) अ‍ॅम्प असेल तर व्हॉल्व्ह बदलताना जुळलेली जोडी लावली की बहुतेक काम झालं. फिक्स्ड बायसमध्ये प्रत्येक वेळी मोजून लावावं लागतं, आणि त्यासाठी वडसा-ब्रह्मपुरीत माणूस शोधणं सोपं नाही. नागपूरला नेण्याची तयारी असेल तरच फिक्स्ड घ्या, किंवा ज्याच्या पाठीवर बायस मोजायची सोय दिलेली आहे असा.

ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो हे आपल्याला नवीन नाही. टिनाच्या खाली ठेवलेल्या अ‍ॅम्पला मागे आणि वर हातभर मोकळी जागा द्या, पंखा लावा, दुपारी वाजवूच नका. पावसाळ्यात ऊब धरून पाली आणि मुंग्या आत शिरतात, जाळीवर बारीक मच्छरजाळी ताणून लावा, हवा खेळती राहील एवढी. पेटी कोपऱ्यात ठेवली की खर्ज फुगतो आणि भांड्यांच्या फळीवरची प्रत्येक थाळी आपापल्या सुरावर खणखणते. कोपऱ्यापासून दीड-दोन हात पुढे ओढा. माझी पेटी धानाच्या पोत्यांच्या खोलीत असते. पोती आवाज पितात, त्या खोलीत सूर जितका स्वच्छ ऐकू येतो तितका स्टेजवर कधी येत नाही. धान विकल्यावर खोली पुन्हा घुमायला लागते, मग जुन्या गोधड्या टांगतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा हा सगळा तामझाम नको असेल, तर प्रीअ‍ॅम्पमध्ये एक व्हॉल्व्ह आणि पुढे क्लास-डी (ट्रान्झिस्टरचा पॉवर भाग) असा हायब्रिड घ्या. हलका असतो, व्होल्टेज जास्त सोसतो, हेडफोनही बहुतेकांना लागतो. ज्यांच्या घरी लाइन दिवसातून चारदा जाते त्यांना मी तोच सांगतो.

सगळा व्हॉल्व्हचाच घ्यायचं ठरलं, तर आत कोणते व्हॉल्व्ह आहेत ते आधी विचारा. १२एएक्स७, ६व्ही६, ईएल८४, ६एल६, ईएल३४ आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, मिळत राहतील. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह रेडिओवाल्यांच्या डब्यात कधी सापडतात, चांगले निघतात, पण त्यांच्या भरवशावर अ‍ॅम्प घेऊ नका. टीव्हीसाठी बनलेल्या विचित्र नंबरच्या व्हॉल्व्हवर चालणारा अ‍ॅम्प कितीही स्वस्त असो, सोडून द्या. ऑर्डर देतानाच सोबत पॉवर व्हॉल्व्हची एक जुळलेली जोडी, एक १२एएक्स७ आणि पाटीवर लिहिलेल्याच अँपिअरचे चार फ्यूज मागवा. पार्सल गावापर्यंत पोचायला तसाही आठवडा जातो, नाटकांच्या दिवसांत त्याहून जास्त.