दादरमधून दुबईची जाहिरात तपासताना

दुबईतील ग्राहकांसाठी दिलेली हापूसची जाहिरात रात्री दिसत नाही, अशी तिथल्या विक्रेत्याची तक्रार होती. दादरच्या कार्यालयातून गूगलवर शोधून उपयोग नव्हता. लक्ष्य दुबई असल्यावर ती मुंबईत दिसणार कशी? शिवाय स्वतःच वारंवार शोधल्याने जाहिरात दाखवल्याच्या नोंदी फुगतात आणि क्लिकचे प्रमाण घसरते. म्हणून गूगल अॅड्समधील पूर्वावलोकनाचे साधन उघडून ठिकाण दुबई, उपकरण मोबाइल असे निवडले व ‘अल्फान्सो मँगो’ टाकले, तेव्हा वेळापत्रकामुळे जाहिरात थांबल्याचे कारण समोर आले. वेळापत्रक खात्याच्या, म्हणजे भारतीय वेळेनुसार चालते आणि दुबई दीड तास मागे असल्याने आपल्या रात्री 9 वाजता, तिथे ऐन खरेदीच्या साडेसातला, जाहिरात बंद होत होती. शेवटची वेळ साडेदहा केली.