शॅम्पू-साबणाचे डिस्पेन्सर लावताय? या चुका टाळा

हॉटेलच्या न्हाणीघरातल्या इवल्याशा बाटल्या आता हळूहळू जात आहेत, त्यांच्या जागी भिंतीवर लावायच्या, पुन्हा भरता येणाऱ्या पंपाच्या मोठ्या बाटल्या, म्हणजे डिस्पेन्सर येत आहेत, आणि ते चांगलंच होतंय. ३० मिलिलिटरची बाटली पाहुणा उघडतो, अर्धीमुर्धी वापरतो आणि उरलेली कचऱ्यात जाते. कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रात एवढीशी वस्तू चाळणीतून खाली पडते, त्यामुळे प्लास्टिक चांगलं असूनही तिचा पुनर्वापर बहुधा होतच नाही. आयएचजी या हॉटेलसमूहाने २०१९ साली छोट्या बाटल्या बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या खोल्यांमध्ये वर्षाला सरासरी २० कोटी बाटल्या लागत होत्या. त्याच वर्षी मॅरियट या दुसऱ्या हॉटेलसमूहाने आपला आकडा सांगितला, वर्षाला सुमारे ५० कोटी. आता कायदेही आले आहेत. कॅलिफोर्नियात ५० पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना २०२३ पासून आणि लहान हॉटेलांना २०२४ पासून अशा बाटल्या खोलीत ठेवायला बंदी आहे. युरोपीय संघात २०३० पासून तसाच नियम लागू होतोय.

मोठ्या साखळीतल्या हॉटेलांकडे यासाठी माणसं असतात, लिहून ठेवलेली पद्धत असते. अडचण होते ती दहा-वीस खोल्यांचं लॉज, होमस्टे किंवा भाड्याचा फ्लॅट चालवणाऱ्यांची. भिंतीला तीन बाटल्या लावल्या, पाच लिटरचा कॅन आणून भरल्या, झालं काम, असं त्यांना वाटतं. छोटी बाटली कारखान्यात भरून, सील होऊन येत होती. आतला साबण स्वच्छ ठेवायची जबाबदारी कारखान्याची होती. डिस्पेन्सर लावला की ती जबाबदारी कॅन हातात धरणाऱ्या माणसावर येते. पुढच्या बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

अर्धवट बाटलीत वरून भर घालणं

सगळ्यात मोठी चूक हीच, आणि जवळपास सगळीकडे होते. बाटली निम्मी झाली की कॅनमधून ओतून काठोकाठ भरायची. दिसायला नीटनेटकं, पाहुण्यालाही भरलेली बाटली बघून बरं वाटतं. पण तळाशी राहिलेला साबण कधीचा आहे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. महिनोन्‌महिने तो तळ कधी रिकामाच होत नाही. त्यात एकदा जंतू शिरले की प्रत्येक नव्या भरीला जुना साबण विरजणासारखा लागतो.

साबणात जंतू कसे वाढतील, असं पुष्कळांना वाटतं. वाढतात. शॅम्पू आणि बॉडीवॉशमध्ये पाणीच जास्त असतं आणि ते टिकावं म्हणून त्यात परिरक्षक घातलेले असतात. या परिरक्षकांची ताकद मर्यादित असते. ओल्या हवेत, पुन्हा पुन्हा उघडल्या जाणाऱ्या भांड्यात ते कमी पडतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या पाच शहरांमधल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांतले, वरून ओतून भरायचे साबणाचे डिस्पेन्सर तपासले होते. दर चारांपैकी जवळजवळ एकातला साबण दूषित निघाला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात एका प्राथमिक शाळेतल्या दूषित साबणाने हात धुतल्यावर हातांवरचे ग्रॅम-निगेटिव्ह (जंतूंचा एक मोठा गट) जंतू सुमारे २६ पट वाढलेले आढळले. म्हणजे हात धुवायच्या आधी जास्त स्वच्छ होते. त्या शाळेत सगळे दूषित डिस्पेन्सर काढून सीलबंद पिशवीचे लावले, तेव्हा वर्षभरानंतरही त्यांत दूषितपणा सापडला नाही.

धडधाकट माणसाला अशा साबणाने सहसा काही होत नाही. पण तुमच्या खोलीत कोण येईल हे तुम्ही ठरवत नाही. नुकतं ऑपरेशन झालेलं, केमोथेरपी चालू असलेलं, अंगावर उघडी जखम असलेलं माणूसही तिथे आंघोळ करतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयांसाठी २००२ सालीच स्पष्ट सांगितलं होतं की अर्धवट रिकाम्या डिस्पेन्सरमध्ये साबणाची भर घालू नका. निवासाच्या खोल्यांनीही हाच नियम पाळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. बाटली संपत आली की ती काढा, रिकामी करा, धुवा, वाळवा आणि मगच भरा. तळाशी राहिलेला थोडा साबण फरशी धुवायला वापरा, दुसऱ्या बाटलीत ओतू नका.

मोठी बाटली घेतली की काम कमी होतं, असं समजणं

मॅरियटने सांगितलेल्या हिशेबानुसार पंपाच्या एका मोठ्या बाटलीत दहा-बारा छोट्या बाटल्यांइतका माल मावतो. ३०० मिलिलिटरची बाटली धरली आणि एका दाबाला साधारण दोन मिलिलिटर, तर दीडशेच्या आसपास दाब झाले. खोली रोज भरलेली असेल तर ठीक. पण महिन्यातून दोन-चार दिवसच भरणाऱ्या खोलीत ५०० मिलिलिटरची बाटली लावली, तर तोच शॅम्पू पुढच्या हंगामापर्यंत भिंतीवर लटकत राहील. ज्या खोल्या कमी भरतात, तिथे लहान बाटली लावा. माल उघडल्यावर किती महिने चालतो, ते मूळ पॅकिंगवर उघड्या डबीच्या चित्राशेजारी लिहिलेलं असतं. भरताना ते बघा.

पाणी घालून पातळ करणं

बाटली संपत आली, कंडिशनर घट्ट झाला, पंप जड जातोय, की थोडं पाणी घालायचा मोह होतो. तो आवरा. पाण्याबरोबर परिरक्षकाचं प्रमाण उतरतं आणि नळाच्या पाण्यातले जंतू आत जातात. शॅम्पूचा घट्टपणा बऱ्याचदा त्यातल्या मिठाच्या प्रमाणावर बेतलेला असतो. थोडंसं पाणी गेलं तरी तो एकदम पाण्यासारखा होतो आणि पाहुण्याला वाटतं, मालकाने भेसळ केली. फेसाचा पंप असेल तर त्यासाठी बनवलेला पातळ साबणच विकत घ्या. साध्या साबणात पाणी घालून तो घरी बनवायच्या भानगडीत पडू नका.

विसळणं म्हणजे धुणं समजणं

बाटली आतून चकाकते, पण पंपाची नळी आणि झडप कोणी बघत नाही. जंतूंचा चिकट थर तिथेच बसतो. हा थर किती चिवट असतो, हे २०१२ च्या एका प्रयोगात दिसलं. दूषित डिस्पेन्सर गरम पाण्याने धुऊन, पुष्कळ तीव्र ब्लीचमध्ये दहा मिनिटं ठेवले, तरी दोन आठवड्यांत जंतू परत पूर्वीइतके झाले. आतून एकदा चांगलाच बिघडलेला डिस्पेन्सर धूत बसण्यापेक्षा बदललेला बरा. आणि जो अजून चांगला आहे, त्याची स्वच्छता पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी.

धुण्याची पद्धत साधी आहे. बाटली पूर्ण रिकामी करा. पंप काढून गरम पाण्याच्या भांड्यात उभा धरा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत दाबत राहा, म्हणजे नळीच्या आतलाही साबण निघतो. बाटली ब्रशने घासा आणि जंतुनाशक वापरत असाल तर त्यावर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ वापरा. मग भरपूर पाण्याने धुऊन बाटली उलटी ठेवून पूर्ण वाळू द्या. वाळवणं हाच यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि घाईत नेमका तोच राहून जातो, कारण चेक-आउट आणि चेक-इनच्या मधल्या वेळात बाटली वाळत नाही. उपाय एकच, प्रत्येक खोलीमागे बाटल्या-पंपांचे दोन संच ठेवायचे. एक भिंतीवर, एक वाळत. खर्च थोडा वाढतो, पण सफाई करणाऱ्या माणसाला ओल्या बाटलीत साबण ओतायची वेळ येत नाही.

न्हाणीघरात ब्लीच आणि टाइलवरचे पांढरे डाग काढायचं आम्ल या दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी असतात. ही दोन कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

एका बाटलीतला माल दुसऱ्यात

शॅम्पूच्या बाटलीत चुकून कंडिशनर भरला, किंवा मुद्दामच बाटल्यांची अदलाबदल केली, की आत गुठळ्या होतात. शॅम्पूतली साफ करणारी द्रव्यं आणि कंडिशनरमधली केस मऊ करणारी द्रव्यं विरुद्ध विद्युतभाराची असतात. एकत्र आली की फाटल्यासारखी होतात आणि पंप तुंबतो. म्हणून बाटलीचा माल कायमचा ठरलेला हवा आणि बाटलीवर कधी भरली ती तारीख आणि बॅच क्रमांक असायला हवा. एखाद्या पाहुण्याच्या अंगावर पुरळ आलं तर नेमकं काय वापरलं, हे सांगता आलं पाहिजे. घटकांची यादीही खोलीत कुठेतरी असू द्या. सुगंधाची ॲलर्जी असलेल्या माणसाला ती खरंच लागते.

लेबलाचं म्हणाल, तर बारीक, सुंदर, राखाडी अक्षरं अजिबात नकोत. आंघोळ करताना माणसाच्या डोळ्यांवर चष्मा नसतो. नाव मोठं, ठळक आणि पाण्याने न पुसणारं असावं. हाताने ओळखता येईल अशी खूणही असावी. जपानमधल्या काओ या कंपनीने १९९१ मध्ये शॅम्पूच्या बाटलीच्या कडेला खाचा द्यायला सुरुवात केली, त्यामुळे डोळे मिटूनही शॅम्पू कुठला हे कळतं. तुमच्या बाटल्यांवर तशी खूण नसेल तर शॅम्पूच्या पंपावर एक रबरी कडं चढवा.

भिंतीवर लावताना

शॉवरच्या धारेखाली बाटली लावू नका. पंपाच्या मानेतून आणि हवेच्या छिद्रातून पाणी आत जातं आणि कोणी हातही न लावता साबण पातळ होतो. चिकटवून लावणार असाल तर टाइलच्या सांध्यावर किंवा खडबडीत टाइलवर नाही. जागा स्पिरिटने पुसा, कोरडी होऊ द्या आणि सिलिकॉन किंवा चिकटपट्टीवर दिलेला वेळ पूर्ण जाईपर्यंत शॉवर बंद ठेवा. भोक पाडायचं असेल तर टाइलमागचा जलरोधक थर फुटतो हे ध्यानात ठेवून ते भोक नीट बंद करा, नाहीतर काही महिन्यांनी पलीकडच्या खोलीत ओल येते. आणि उंची एवढी असू द्या की बसून आंघोळ करणाऱ्या माणसाचाही हात पोचेल.

काही बिघडलं तर

पंप दाबला, पण काहीच येत नाही: नवीन भरल्यावर नळीत हवा असते, आधी दहा-बारा वेळा दाबून बघा. तरीही येत नसेल तर तोंडाशी वाळलेला साबण गरम पाण्यात भिजवून काढा. बाटली आत चेपलेली दिसली तर हवेचं बारीक छिद्र बुजलं आहे. ते मोकळं केलं की पंप सुरू होतो. नळी तळापर्यंत पोचत नसेल तर बाटलीत माल दिसतो पण वर येत नाही, तेव्हा बाटलीच्या मापाचीच नळी लावा.

टपटप गळत राहतो: झडपेत वाळलेला साबण अडकलेला असतो. पंप धुऊनही थांबत नसेल तर तो बदला. दुरुस्त करत बसण्याइतका तो महाग नसतो.

वास बदलला, रंग बदलला, साबण दोन थरांत फुटला किंवा एकाएकी पातळ झाला: बाटली लगेच उतरवा. त्याच कॅनमधून भरलेल्या बाकीच्या खोल्याही तपासा आणि कॅन बाजूला ठेवा. उघडा कॅन न्हाणीघराजवळच्या दमट खोलीत झाकणाविना राहत असेल तर बिघाड तिथूनच सुरू झालेला असू शकतो. कॅनवरही उघडल्याची तारीख लिहायची सवय लावा आणि आधी आलेला कॅन आधी संपवा.

पाहुण्याची शंका उडवून लावणं

"यात कोणी काही घातलं असेल तर?" हा प्रश्न पाहुणे विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर शब्दांनी देऊ नका, बाटलीने द्या. झाकण किल्लीशिवाय उघडणार नाही असा ब्रॅकेट लावा. जमत असेल तर वरून भरायच्या बाटलीऐवजी कारखान्यातून सीलबंद येणारी, संपल्यावर पूर्ण बदलायची बाटली किंवा पिशवी निवडा. त्यात थोडं प्लास्टिक जातं, हे खरं. पण धुण्या-वाळवण्याची सोय नसलेल्या छोट्या ठिकाणी मला तोच मार्ग जास्त योग्य वाटतो. अस्वच्छ बाटली भिंतीवर ठेवून पर्यावरण वाचवल्याचं समाधान घेऊ नये. किती माल उरलाय ते बाहेरून दिसेल अशी पट्टी बाटलीला असू द्या. रिकामा पंप दाबून वैतागलेला पाहुणा पुढच्या वेळी स्वतःच्या छोट्या बाटल्या घेऊन येतो.

जुना साठा डिस्पेन्सरमध्ये रिकामा करणं

कपाटात शिल्लक राहिलेल्या छोट्या बाटल्या एकेक करून मोठ्या बाटलीत ओतायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. वेगवेगळ्या बॅचचा, कधी वेगवेगळ्या कंपनीचा माल एकत्र होतो आणि वर लिहिलेल्या मुदतीला काही अर्थच राहत नाही. त्या बाटल्या आहेत तशाच ठेवा. तुमच्याकडच्या नियमांत बसत असेल तर त्या खोलीत न मांडता, मागेल त्याला काउंटरवरून द्या. ज्याचा हात पंपापर्यंत पोचत नाही, ज्याला सीलबंदच हवं आहे, अशा पाहुण्यांसाठी त्या उपयोगी पडतील. मुदत संपलेल्या असतील त्या मात्र काढून टाका.