रॉक ऐकायला सुरुवात कशी करावी: दोन-दोन गाण्यांची पद्धत

रॉकमधलं काय ऐकू, असं कुणाला विचारून बघा. पंचवीस बँडची नावं अंगावर येतात. बीटल्स, स्टोन्स, फ्लॉइड, झेपलिन, क्वीन, त्यामागून मेटलवाले, आणि एखादा तरी 'खरं रॉक सत्तरच्या दशकातच संपलं' म्हणणारा. ती यादी घेऊन बसलेला माणूस दोन-तीन दिवसांत मुकाट्याने आपल्या जुन्या प्लेलिस्टकडे वळतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. यादीवरून कोण मोठा ते कळतं, पण त्याने असं काय केलं की तो मोठा झाला, ते कळत नाही.

म्हणून इथे यादी नाही. एका बैठकीत दोनच गाणी ऐकायची: एक आधीचं, एक नंतरचं. लागोपाठ ऐकायची आणि मधल्या काळात नेमकं काय बदललं ते कानाने पकडायचं. वाद्य वाजवता येत नसलं तरी काही अडत नाही. सा, म, प एवढे तीन स्वर गुणगुणता आले तर फारच छान.

1. आधी योग्य रेकॉर्डिंग शोधा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. पन्नासच्या दशकातल्या बऱ्याच गायकांनी आपलीच गाजलेली गाणी पुढे दुसऱ्या कंपनीसाठी नव्याने रेकॉर्ड केली. चक बेरीनेही केली, लिटल रिचर्डनेही. ॲपवर शोधलं की त्यातलं कुठलंही समोर येतं आणि ते बहुधा मूळ गाण्याइतकं तिखट नसतं. बेरीचं गाणं 'चेस' कंपनीचं आहे ना, ते बघा. ॲपवर दिसणाऱ्या सालावर विसंबू नका, ते पुष्कळदा संकलनाचं साल असतं. 'रिमास्टर' (जुनंच रेकॉर्डिंग, फक्त आवाज साफ केलेला) लिहिलेलं चालेल. 'री-रेकॉर्डेड' आणि 'लाइव्ह' सध्या बाजूला ठेवा.

फोनच्या स्पीकरवर बेस गिटार जवळजवळ गायब होते, तेव्हा साधे का होईना, इअरफोन लावा. बीटल्सच्या सुरुवातीच्या अल्बमच्या स्टिरिओ आवृत्तीत गाणं एका कानात आणि वाद्यं दुसऱ्या कानात येतात. इअरफोन बिघडला असं समजून तो बदलायला जाऊ नका. उलट एक बाजू काढून ठेवा आणि नुसती वाद्यं ऐका. असा आयता क्लास पुन्हा मिळायचा नाही.

2. बारा मोजायला शिका

चक बेरीचं 'जॉनी बी. गूड' (1958) लावा. चार-चार मात्रांचे बारा तुकडे मिळून एक आवर्तन होतं. मोजायचं असं: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असं बारापर्यंत. लय जलद आहे, पहिल्या एक-दोन वेळा धांदल उडेल. मग जमिनीचा स्वर, म्हणजे खालचा आधारस्वर, कुठे सरकतो ते बघा. पहिले चार तुकडे सा वर, पाचवा-सहावा म वर, सातवा-आठवा परत सा वर, नववा-दहावा प वर आणि शेवटचे दोन सा वर. की आलं नवं आवर्तन. कडवं असो, ध्रुवपद असो की गिटारचा तुकडा, चौकट हीच. ही चौकट ब्लूजची, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताची. रॉकचा निम्मा इतिहास याच बाराच्या घरात घडला आहे.

आता जोडी. बेरीच्या गाण्याची ती प्रसिद्ध सुरुवात 1946 मध्ये लुई जॉर्डनच्या 'एंट दॅट जस्ट लाइक अ वुमन' या गाण्यात सापडते. तिथे ती कार्ल होगन नावाच्या गिटारवाल्याने वाजवली आहे. बेरीने होगनचं ऋण कधी लपवलं नाही. फरक पुढे आहे. जॉर्डनकडे गिटार दार उघडून देते आणि मग सॅक्सोफोनची मंडळी घर ताब्यात घेतात. बेरीकडे मात्र गिटार शेवटपर्यंत गायकाशी बोलत राहते. शिवाय विषय बदलला: शाळकरी पोरं, गाड्या आणि गिटार वाजवून नाव काढू बघणारा एक खेडवळ मुलगा. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेल्या सोनेरी तबकडीवर हे गाणं आहे.

3. एक गाणं, दोन माणसं

'हाउंड डॉग' आधी बिग मामा थॉर्नटनच्या आवाजात ऐका. रेकॉर्डिंग 1952 चं, लॉस एंजेलिसचं. गाणं लिहिणारे लीबर आणि स्टोलर तेव्हा जेमतेम 19 वर्षांचे होते. लय सावकाश आहे आणि बाई दारात उभी राहून एका ऐतखाऊ पुरुषाला 'हाउंड डॉग', म्हणजे शिकारी कुत्रा, म्हणत सुनावते आहे. मधल्या गिटारच्या तुकड्यात ती चक्क त्याला हिणवत हुंकार भरते.

मग एल्व्हिस प्रेस्लीचं, 1956 चं ऐका. लय जवळजवळ पळत सुटली आहे, ढोलवाला बंदुकीच्या फैरी झाडतो आहे आणि शब्दांत एक ससा आला आहे. त्या सशामुळे गाण्यातला कुत्रा खराखुरा कुत्रा झाला. बाईचा राग गेला, उरला तो नुसता दणका. मला थॉर्नटनचं दहापट जास्त आवडतं. पण एल्व्हिसचं ऐकताना तेव्हाच्या आईबापांना घाम का फुटला असेल, तेही कळतं.

इथेच सिस्टर रोझेटा थार्पची ओळख करून घ्या. भजनं गाणारी बाई, हातात इलेक्ट्रिक गिटार. 1964 मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवर तिचा टीव्ही कार्यक्रम चित्रित झाला. श्रोते एका फलाटावर, ती समोरच्या फलाटावर, आणि हवा पावसाळी. त्याचा व्हिडिओ सहज मिळतो. हे पाहिल्यावर 'गिटार म्हणजे पोरांचं काम' असं कुणी म्हणू शकणार नाही.

4. आवाज फाडणारे लोक

या पायरीवर जरा रेंगाळा. गाणी जुन्या चौकटीत राहूनही रॉकला त्याचा असा वेगळा आवाज मिळाला तो इथे.

जोडी अशी: बडी हॉलीचं 'पेगी सू' (1957) आणि द किंक्सचं 'यू रियली गॉट मी' (1964). हॉलीची गिटार स्वच्छ, खळखळती. किंक्सची गिटार भुंकते. कारण डेव्ह डेव्हिस या किशोरवयीन मुलाने आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा दाढीच्या ब्लेडने चिरला. पडदा फडफडायला लागला आणि आवाजाला दात आले. आता नीट ऐका: गिटारवर पूर्ण कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ) नाही, सा आणि प एवढंच आहे. त्यात ग घातला तर फाटलेल्या आवाजात त्याचा चिखल होतो. सा-प मात्र कितीही फाडला तरी ठाम उभा राहतो. हार्ड रॉक आणि मेटल या रॉकच्या जड, कर्कश शाखांच्या गिटारवादनाचा पायाच हा सा-प आहे.

याच किंक्सचा मुंबईशीही संबंध आहे. 1965 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाला जाताना बँड मुंबईत थांबला होता. डेव्हचा भाऊ रे डेव्हिस याने पहाटे कामावर निघालेल्या कोळ्यांचं गाणं ऐकलं आणि त्यावरून त्याला 'सी माय फ्रेंड्स' सुचलं. हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. गाणं त्याच वर्षी जुलैमध्ये आलं. त्यात गिटारच तानपुऱ्यासारखी एका स्वरावर रुणझुणत राहते. बीटल्सच्या रेकॉर्डवर सतार वाजली ती त्यानंतर, वर्षअखेरीस.

आवाज फाडण्याचं दुसरं टोक बर्मिंगहॅमला आहे. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबायचा हात तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा उतरवून सैलही केल्या. ब्लॅक सबॅथच्या पहिल्या अल्बमचं (1970) पहिलं गाणं लावा. पाऊस, घंटा आणि मग तीनच स्वर: सा, तार सा, तीव्र मध्यम. तो तिसरा स्वर हलत-हलत लोंबकळत राहतो आणि पोटात खड्डा पडतो. या तीन स्वरांच्या जिवावर पुढे एक अख्खी शाखा उभी राहिली.

जिमी हेंड्रिक्स या दोघांच्या मधल्या काळातला. त्याच्यासाठी जोडी शोधू नका, सापडणार नाही. 18 ऑगस्ट 1969 च्या सकाळी वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्याने वाजवलेलं अमेरिकेचं राष्ट्रगीत ऐका. व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. सूर ओळखीचा, पण मधेच गिटार किंचाळते, कोसळते, आणि पुन्हा सुरावर येते.

5. स्टुडिओ हेच वाद्य

बीटल्सची शेकड्याने गाणी आहेत. त्यातली दोनच घ्या. 'ट्विस्ट अँड शाउट' 11 फेब्रुवारी 1963 च्या रात्री रेकॉर्ड झालं. पहिल्या अल्बमचा बहुतेक भाग त्या एका दिवसात उरकला होता. जॉन लेननला सर्दी होती, घसा दिवसभर गाऊन सोलवटलेला होता. तो फाटका आवाज रेकॉर्डवर तसाच आहे. चार मुलं एका खोलीत जे वाजवतात, तेच तुम्हाला ऐकू येतं.

आता 'टुमॉरो नेव्हर नोज', एप्रिल 1966. मधे तीनच वर्षं गेली आहेत. गाणं जवळजवळ सगळं एकाच सा वर बसलं आहे, खाली तानपुरा आहे. वर जे पक्ष्यांसारखं ओरडतं ते पक्षी नाहीत; टेपचे तुकडे गोल चिकटवून ते वेगवेगळ्या यंत्रांवर एकदम फिरवले आहेत. काही ठिकाणी माणसं पेन्सिलीत टेप अडकवून ताण धरून उभी होती. लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढला आहे. हे चौघांना रंगमंचावर वाजवता येणं शक्यच नव्हतं, आणि त्यांनी त्याच वर्षी दौरे बंद केले.

जमलं तर तिसरंही ऐका: 'द इनर लाइट' (1968). जॉर्ज हॅरिसनने त्याची वाद्यं मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्ड केली. बासरी हरिप्रसाद चौरसियांची.

बॉब डिलनला याच सुमारास ऐकून घ्या. 'लाइक अ रोलिंग स्टोन' (1965) सहा मिनिटांहून मोठं आहे. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालायची तेव्हाचं! त्यातल्या ऑर्गनवर कान ठेवा. तो किंचित मागून येतो. वाजवणारा अल कूपर मुळात गिटारवाला; ऑर्गन त्याचं वाद्यच नव्हतं. बाकीचे कुठे जातात ते ऐकून मग तो पट्टी दाबत होता.

6. पुराचं गाणं

1927 मध्ये मिसिसिपीला महापूर आला. त्यावर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' (बांध फुटतो तेव्हा) हे गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मकॉय या जोडप्याने 1929 मध्ये रेकॉर्ड केलं. दोन गिटारी आणि एक आवाज, बस. मिनीची गिटार अशी चपळ चालते की गाणं संकटाचं आहे हे क्षणभर विसरायला होतं.

लेड झेपलिनने तेच 1971 मध्ये केलं. इंग्लंडमधल्या एका जुन्या घरात जॉन बॉनमचे ड्रम जिन्याखालच्या दालनात मांडले आणि माइक वर जिन्यात टांगले. त्यामुळे ड्रमचा ठोका एकटा येत नाही, सगळं घर घेऊन येतो. पहिली काही सेकंद नुसते ड्रम आहेत. तेवढे चार वेळा ऐका. या बँडने जुन्या ब्लूजवाल्यांची नावं द्यायला पुष्कळदा कुचराई केली आणि विली डिक्सनने तर त्यांना कोर्टात खेचलं. या गाण्यावर मात्र मिनीचं नाव आहे.

7. मधल्या जिन्याने लवकर चढा

पिंक फ्लॉइडच्या 1975 च्या 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा पहिला भाग साडेतेरा मिनिटांचा आहे. 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या रमोन्सचा पहिला अल्बम आला: 14 गाणी, एकूण वेळ अर्ध्या तासाच्या आत. फ्लॉइडचा तो भाग आणि रमोन्सचं सव्वादोन मिनिटांचं 'ब्लिट्झक्रीग बॉप' पाठोपाठ ऐकलंत की पंक, म्हणजे रमोन्ससारख्यांचं छोटं, झटपट, साधं रॉक, कशावर उखडलं होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून आपल्याकडे क्वीनपासून सुरुवात करायचा मोह होतो. थोडं थांबा. क्वीन ऑपेरापासून हार्ड रॉकपर्यंत सगळ्यांची गंमत करतात, आणि ती गंमत कळायला आधीच्या पायऱ्या झालेल्या बऱ्या.

8. आता उलटे चाला

इथून पुढे जोड्या तुम्हीच लावायच्या. आवडत्या बँडच्या गाण्याखाली गीतकार-संगीतकाराचं नाव बघा. ते बँडमधल्या कुणाचं नसेल तर त्या नावामागे जा. निर्वाणा या बँडने नोव्हेंबर 1993 मध्ये न्यूयॉर्कला जो अनप्लग्ड (मुख्यतः साध्या, बिनविजेच्या वाद्यांचा) कार्यक्रम केला, त्याचं शेवटचं गाणं लेड बेली या जुन्या गायकाकडून आलं आहे. त्याची चाळीसच्या दशकातली रेकॉर्डिंग्ज मिळतात. आणि लेड बेलीकडे ते त्याहून जुन्या लोकगीतातून आलं.

रोलिंग स्टोन्सचा 1964 चा पहिला अल्बम तर या कामासाठी खाणच आहे, कारण त्यातली बहुतेक गाणी दुसऱ्यांची आहेत: मडी वॉटर्सने गाजवलेलं, जिमी रीडचं, बो डिडलीने प्रसिद्ध केलेलं, चक बेरीचं. त्यातलं 'आय ॲम अ किंग बी' आधी घ्या. पण स्लिम हार्पोचं, 1957 चं. स्टोन्सचं त्यानंतर.