या चुका टाळा: पाचवी ते आठवीचं गणित शिकवताना

‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.’ समीकरणांच्या पहिल्याच तासाला हे वाक्य मुलांना दिलं, की पुढे बराच काळ ते निस्तरत बसावं लागतं. क्ष + ५ = १२ इथे ते छान चालतं. ५ पलीकडे गेले, उणे झाले, क्ष = ७. अशी दहा उदाहरणं सगळ्यांची बरोबर येतात आणि वर्गाला समजलं असं धरून शिक्षक पुढे सरकतात.

मग येतं ३क्ष = १२. एक मूल लिहितं, क्ष = १२ − ३ = ९. दुसरं मूल जास्त मन लावून ऐकणारं असतं. भागायचं हे त्याला आठवतं, पण पलीकडे नेताना चिन्हही बदलायला हवं, म्हणून ते लिहितं, क्ष = १२ ÷ (−३) = −४. ही दुसरी वही नीट पाहा. त्या मुलाने तुमचा नियम तंतोतंत पाळला आहे. त्याला ‘लक्ष कुठे होतं?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. मुळात पलीकडे काहीच जात नाही. दोन्ही बाजूंमधून ५ वजा होतात किंवा दोन्ही बाजूंना ३ ने भागलं जातं, आणि नेमकं हेच त्या वाक्यात झाकलं जातं.

म्हणून पहिले दोन आठवडे ‘पलीकडे’ हा शब्द वर्गात काढूच नये. प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना काय केलं ते दिसलं पाहिजे:

३क्ष + ५ = २०
३क्ष + ५ − ५ = २० − ५
३क्ष = १५
३क्ष ÷ ३ = १५ ÷ ३
क्ष = ५

आणि लगेच ताळा: ३ × ५ + ५ = २०. ताळा ऐच्छिक ठेवू नका. ताळा नाही तर उदाहरण अपुरं, गुणही अर्धे. −४ लिहिणाऱ्या मुलाने ३ × (−४) करून पाहिलं असतं, तर −१२ पाहून चूक त्याची त्यालाच सापडली असती. एवढ्या ओळी लिहिण्यात वेळ जातो, अशी नव्या शिक्षकांची तक्रार असते. जाऊ दे. काही दिवसांनी मुलंच कंटाळून मधली ओळ गाळतात. गाळलेल्या ओळीत काय होतं हे ज्याला तोंडी सांगता येतं, त्याला खुशाल गाळू द्यावी. शॉर्टकट मुलाने स्वतः शोधलेला असावा, आयता हातात ठेवलेला नसावा.

पुष्कळदा दुखणं याच्याही आधीचं असतं. ८ + ४ = ▢ + ५ हे फळ्यावर लिहून पाहा. कुणी चौकटीत १२ लिहील, कुणी १७. इतकी वर्षं ‘बरोबर’चं चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ एवढंच त्यांना ठाऊक असतं. अशा मुलांना समीकरणांकडे ढकलू नका. आधी ७ = ३ + ४ किंवा ६ + ९ = ▢ + १० अशी उदाहरणं भरपूर द्या. आणि तुमचा स्वतःचा फळाही तपासा. ५ + ३ = ८ × २ = १६ असं घाईत लिहिलं, तर ५ + ३ म्हणजे १६ असं तुम्हीच मुलांना दाखवलेलं असतं. प्रत्येक पायरीला नवी ओळ घ्या.

दशांश अपूर्णांकांतही घाई अशीच नडते. ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? ‘शून्य पूर्णांक पस्तीस’ असं वाचायची सवय असेल, तर पस्तीस आठापेक्षा मोठे वाटणारच. ‘शून्य पूर्णांक तीन पाच’ असंच वाचून घ्या. पण एका जोडीवर थांबू नका. काही मुलं उलटं धरून बसलेली असतात: शतांश लहान, म्हणून जास्त अंकांची संख्या लहान. त्यांचं ०.८ हे उत्तर बरोबर येतं आणि गैरसमज तसाच राहतो. म्हणून सोबत ०.४५ आणि ०.३ ही जोडीही विचारा. तिथे ती मुलं ०.३ मोठं म्हणतात आणि पकडीत येतात.

‘मागे शून्य लावून अंक सारखे करा’ ही युक्ती मला अजिबात पसंत नाही. उत्तर बरोबर येतं, पण मूल ८० आणि ३५ याच पूर्ण संख्यांची तुलना करत असतं. याच मुलाला ०.३ आणि ०.४ यांच्यामधली संख्या विचारली, तर ‘नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी दहा बाय दहाची चौकट आखा. ०.८ म्हणजे आठ पूर्ण उभ्या पट्ट्या, ०.३५ म्हणजे तीन पट्ट्या आणि पाच घरं. रंगवलेलं डोळ्यांना दिसलं, की वाद उरत नाही. ‘१० ने गुणणे म्हणजे शून्य जोडणे’ हेही बंद करा, नाहीतर २.५ × १० = २.५० मिळतं.

‘उणे उणे अधिक’ एवढंच कधी म्हणू नका, नाहीतर −३ − ५ चं उत्तर मुलं ८ लिहितात. तिथे संख्यारेषेवर −३ पासून डावीकडे पाच घरं मोजायची.

अपूर्णांकांच्या भागाकारात ‘उलटा करून गुणा’ सांगण्याआधी अर्ध्यात पाव किती वेळा बसतो, हे विचारा.

त्रिकोण दर वेळी आडव्या पायावर काढू नका. तिरका काढा आणि शिरोलंब शोधायला लावा.

अक्षर म्हणजे वस्तू नाही. ‘प म्हणजे पेन’ असं शिकलेलं मूल ‘दर शिक्षकामागे ३० विद्यार्थी’ हे ३०व = श असं लिहितं. व म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या, श म्हणजे शिक्षकांची संख्या, हे दर वेळी पूर्ण वाक्यात लिहून घ्या. मग श = २, व = ६० घालून पाहायला सांगा.

गृहपाठाला एकाच प्रकारची वीस उदाहरणं देणं सर्वांत सोपं आणि सर्वांत निरुपयोगी. सरावसंचाचं शीर्षक वाचूनच मुलाला कळतं की आज भागायचं आहे. दहाच द्या: सहा आजची, चार मागच्या प्रकरणांतली, आणि क्रम मिसळून.