कोलनमधला (मोठ्या आतड्यातला) लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ, ओळखायचा कसा

कोलनोस्कोपीत (मोठे आतडे दुर्बिणीने तपासताना) सीकम किंवा असेंडिंग कोलनमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, गुळगुळीत, पिवळसर, गोल उंचवटा दिसला की लगेच स्नेअर (गाठ कापायचा तारेचा फास) टाकू नका. आधी बायॉप्सी फोर्सेप्स (तुकडा घ्यायचा चिमटा) बंद ठेवून टोकाने दाबा. उशीसारखा खड्डा पडून भरून आला, तर लायपोमा जवळपास नक्की. मग वरची म्यूकोसा (आतड्याचे आतले अस्तर) फोर्सेप्सने धरून उचला; लायपोमावर ती सहज सुटी वर येते. रेक्टममध्ये (गुदाशयात) पिवळा पण कडक उंचवटा असेल तर न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरची (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या गाठीची) शंका धरा.

बायॉप्सीत फसगत ठरलेली. लायपोमा बहुधा सबम्यूकोसात (म्यूकोसाच्या खालच्या थरात) असतो, म्हणून वरवरचा एक तुकडा पाठवला की 'नॉर्मल म्यूकोसा' असा रिपोर्ट येतो. घ्यायचीच असेल तर त्याच जागी पुन्हा पुन्हा चावा घ्या, पिवळी चरबी उघडी पडेल. तिचा तुकडा फॉर्मालिनमध्ये (नमुना टिकवायच्या द्रवात) तरंगतो.

खरी पंचाईत २ सेंमीच्या पुढच्या लायपोमात. टोकाला अल्सर झाला की तो थेट कॅन्सरसारखा दिसतो. अशा वेळी सीटी करा: गाठीत साधारण उणे ४० ते उणे १२० हाउन्सफील्ड युनिट (सीटीवरचे घनतेचे माप) म्हणजे चरबी. लहान गाठीत शेजारची हवा आणि मल आकडा बिघडवतात, म्हणून सीटीचे पातळ काप मागा. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडवर (दुर्बिणीच्या टोकाने आतून केलेल्या सोनोग्राफीत) लायपोमा आतड्याच्या भिंतीच्या तिसऱ्या थरात, म्हणजे सबम्यूकोसात, एकसारखा पांढरा दिसतो.

इलिओसीकल व्हॉल्व्हचे (लहान आतडे मोठ्या आतड्यात उघडते तिथल्या झडपेचे) दोन्ही ओठ सारखेच चरबीने जाड असतील, तर तो लायपोमा नव्हे, नुसती लायपोहायपरप्लाझिया (चरबीची सरसकट वाढ, वेगळी गाठ नाही).